दिसला की अंगठा

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अंगठ्याचा नियम माझा. राज सरांनी मुंबईच्या प्रेझेंटेशनमध्ये तो स्वतःच्या नावावर खपवला, टाळ्या घेतल्या, एक काचेची ट्रॉफीसुद्धा घेतली. घेऊ देत. ट्रॉफी ठेवायला माझ्या घरात जागाही नाही. पण त्याच नियमाने त्यांनी माझ्या टीमचा केसाने गळा कापायला घेतला, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती अजून पूर्ण विझलेली नाही. तेव्हा हे सगळं मी शांतपणे, समतोल वगैरे सांगेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

मी स्नेहा गांगुर्डे. नाशिकरोडला, जेलरोडच्या बाजूला आई-पप्पांसोबत राहते. आमची कंपनी शेतकऱ्यांसाठी हेल्पलाइन चालवते. द्राक्षावर डाऊनी रोग आला, कांद्याचं रोप पिवळं पडलं, ठिबकचं पाणी शेवटच्या ओळीपर्यंत पोचेना, की शेतकरी फोन करतो. आमच्यातलं कोणीतरी तो घेतं, नीट विचारून प्रश्न लिहून काढतं आणि कंपनीच्या कृषितज्ज्ञांकडे पाठवतं. पूर्वी नाशिकच्या द्वारका चौकाजवळ आमचं ऑफिस होतं. एसी बंद, पण चहा वेळेवर. मग भाडं वाचवायला कंपनीने ते बंद केलं आणि आम्हा चौदा जणांना आपापल्या घरी बसवलं. कोणी पिंपळगावला, कोणी देवळ्याला, कोणी हरसूलच्या पुढे. मी त्यांची टीम लीड, म्हणजे पगार किंचित जास्त आणि बोलणी दोन्ही बाजूंनी.

गेल्या वर्षी कंपनीने ‘टीमकट्टा’ नावाचं ॲप आणलं. कट्टा म्हणे! कट्ट्यावर बसलेल्या माणसाची कोणी हजेरी घेतं का? हा घ्यायचा. प्रत्येकाच्या नावापुढे ठिपका. काम करताय तर हिरवा, जरा उठून पाणी प्यायला गेलात की पिवळा, आणखी रेंगाळलात की लाल. फोन करायचा नाही, व्हॉट्सॲप ग्रुप बंद, मेल बंद. “रजेचा अर्जसुद्धा कट्ट्यावरच टाकायचा. मेल केला तर मी वाचणार नाही,” असा राज सरांचा हुकूम. राज सर आमचे मॅनेजर. पुण्यात बसतात आणि दर दोन वाक्यांनंतर ‘चेंज’ म्हणतात.

हे ॲप टीमच्या गळी उतरवायचं काम अर्थातच माझं. ते करताना माझ्या नाकी नऊ आले. पिंपळगावचे केरूभाऊ पन्नाशीचे. द्राक्षाचं त्यांना तोंडपाठ, पण माइक बंद ठेवून तावातावाने बोलायचे आणि आम्ही ऐकत नाही म्हणून चिडायचे. देवळ्याच्या वेदिकाला घरात रेंज यायची नाही, म्हणून ती कांदाचाळीच्या सावलीत खुर्ची टाकून बसायची. तिच्या कॉलवर मागून शेळ्या बोलायच्या. आणि लहानू हरसूलच्या पुढच्या पाड्यावरचा. त्याच्याकडे साधा फोन लागतो, इंटरनेट नाही. तो दिवसभर फोन घेतो, संध्याकाळी टेकडी चढतो आणि वर जाऊन सगळं एकदम कट्ट्यावर चढवतो. त्या बाजूच्या शेतकऱ्यांची बोली त्याच्याशिवाय टीममध्ये कोणालाच कळत नाही. पण ठिपका? ठिपका दिवसभर लाल. राज सरांच्या लेखी लहानू दिवसभर झोपलेला असायचा.

सर दर सोमवारी ‘रिस्पॉन्स रेट’चा तक्ता टाकायचे. त्यांच्या मेसेजला किती जणांनी उत्तर दिलं, याचा. आमची टीम सगळ्यात खाली. कारण मेसेज इंग्रजीत, लांबलचक, आणि त्याला इंग्रजीत काय उत्तर द्यायचं या विचारात माझी माणसं मूग गिळून बसायची. चूक झाली तर सगळ्यांसमोर हसं होणार. मग एक दिवस मी वैतागून सांगितलं, “काही लिहू नका. दिसला की अंगठा टाका. एवढंच.”

हे मात्र पटकन जमलं. जमणारच. आमच्याकडे गावच्या ग्रुपवर कोणाचा वाढदिवस असो, कोणाच्या दारात नवा ट्रॅक्टर येवो, नाहीतर कोणाच्या चुलत्याचं दहावं असो, सगळ्याला अंगठा जातो. अंगठा म्हणजे ‘बघितलं बुवा’. त्यात आनंद नाही, दुःख नाही आणि होकार तर मुळीच नाही. महिन्याभरात आमचा तक्ता हिरवागार झाला. राज सरांनी माझी पाठ थोपटली आणि ट्रॉफी घ्यायला स्वतः गेले.

आता त्या दिवसाचं सांगते.

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस. या दिवसांत आमच्या फोनला श्वास घ्यायला उसंत नसते. मी मात्र अर्धा दिवस रजा घेतली होती, कारण पप्पांच्या मोतीबिंदूची तपासणी होती. दवाखान्यात फोन बंद करून पर्समध्ये टाकला. परत येताना रिक्षात कट्टा उघडला तर राज सरांचा मेसेज. वर रॉकेट, फुगे, आणि ‘एक्सायटिंग न्यूज!’ खाली बारा अंगठे.

पप्पा शेजारी काळा चष्मा लावून बसले होते. मी वाचायला लागले. पहिला परिच्छेद कौतुकाचा. दुसरा बदलत्या काळाचा. तिसऱ्यात असं होतं की एक तारखेपासून हेल्पलाइनवरचे सगळे सहकारी ‘ग्रोथ पार्टनर’ होणार. पार्टनर स्वतःच्या वेळेचा मालक. पार्टनरला फोनमागे मोबदला. आणि शेवटच्या परिच्छेदाच्या मधोमध, भाजीत खडा लपावा तसं एक वाक्य: सध्याच्या नोकरीतले पीएफ, विमा आणि सर्व पगारी रजा त्या तारखेपासून संपुष्टात येतील. सगळ्यात खाली: या मेसेजवरची तुमची रिॲक्शन हीच तुमची सहमती समजली जाईल.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग बारा अंगठ्यांवर बोट ठेवून नावं पाहिली. केरूभाऊ. साक्षी. वेदिका. सगळे. फक्त दोघांचे नव्हते. एक मी, दवाखान्यात असल्यामुळे. दुसरा लहानू, टेकडीवर गेला नसल्यामुळे.

वेदिकाच्या नावावर माझं बोट अडलं. तिला सातवा महिना होता. डिसेंबरपासून ती बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती, आणि ती रजा नुसती रजा नव्हती. तिच्या घरी एक बोलणं झालेलं होतं, ते तिनेच मला सांगितलं होतं. सासरे म्हणाले होते, रजेतही पगार येतोय म्हणजे नोकरी पक्की आहे, मग बाळ झाल्यावर खुशाल कामावर जा, बाळाला आम्ही बघू. पण पगार थांबला तर नोकरीही थांबली, मग घरचंच बघायचं. म्हणजे रजा गेली तर वेदिका गेली. एमएस्सी ॲग्री केलेली मुलगी कायमची चुलीपुढे.

मी रिक्षातूनच तिला फोन लावला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ती म्हणाली, “ताई, कळलं ना तुम्हाला? पार्टनर झालो आपण!”

“वेदिका, तू मेसेज वाचलास?”

“वरचा वाचला ना. फोनवर फोन येत होते, मग अंगठा टाकून दिला नेहमीसारखा. आमच्या नानांनी तर पेढे आणले ताई. सकाळपासून दारात येईल त्याला सांगतायत, सून कंपनीत पार्टनर झाली म्हणून.”

नाना म्हणजे तिचे सासरे, भिमाजी. मी तिला शेवटचा परिच्छेद मराठीत सांगितला. पलीकडे शेळी ओरडली. मग वेदिका बारीक आवाजात म्हणाली, “म्हणजे माझी रजा?”

“पगारी नाही.”

“मग मी परत कशी येणार ताई? नाना नाय म्हणतील. अन् पेढे वाटून झाले हो.”

ते ‘पेढे वाटून झाले हो’ माझ्या कानातून अजून जात नाही. कोणाच्या आनंदाची अशी टिंगल करायची म्हणजे माणसाने किती निर्लज्ज असावं!

घरी पोचते न पोचते तोच राज सरांचा फोन. हो, फोन. त्यांना चालतो.

“स्नेहा! सुपर रिस्पॉन्स यार. बारा आले. फक्त तू आणि लहानू पेंडिंग. उद्या अकराच्या कॉलला मुंबईहून एचआर मॅडम जॉइन होतायत, त्याआधी मला चौदाच्या चौदा दिसले पाहिजेत.”

“सर, कोणी वाचलेलं नाही ते.”

“मग तो त्यांचा प्रॉब्लेम आहे ना? सगळे ग्रॅज्युएट आहेत.”

“सर, आमच्या टीममध्ये अंगठा म्हणजे फक्त ‘पाहिलं’. तुम्हाला माहीत आहे हे. मीच तुम्हाला सांगितलं होतं.”

“तूच त्यांना ट्रेन केलंस, राइट? मी काय वेगळं केलं? तुझीच सिस्टीम वापरली.” आणि ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “तू टेन्शन घेऊ नकोस. लीडची पोस्ट पर्मनंटच राहणार आहे. तुझा अंगठा फक्त फॉर्मॅलिटी. टीमला दिसायला.”

मी काय म्हणाले? “बघते सर.” झालं. अंगाचा तिळपापड झालेला असताना, ‘बघते सर’! फोन ठेवल्यावर मी चप्पल इतक्या जोरात भिरकावली की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

पप्पा पलंगावर बसले होते. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं, पण कान शाबूत. रिक्षातलं आणि आत्ताचं सगळं त्यांनी ऐकलं होतं.

“बारा जणांनी न वाचता अंगठा टाकला?” ते म्हणाले. “अन् सगळे पदवीधर?”

“हसू नका पप्पा.”

“हसत नाही गं. आमच्या नोटांच्या प्रेसमध्ये युनियनचा कागद फिरला की सहीआधी एकजण उभा राहून तो मोठ्याने वाचायचा. शेवटच्या ओळीपर्यंत. वाचणारा कंटाळला तर दुसरा. तोवर पेन खिशात. साहेब लोक वैतागायचे. वैतागू देत.”

“इथे कागद नाही पप्पा. इथे फोनवर नुसता टिचकीचा खेळ.”

“मोठ्याने तर फोनवरचंही वाचता येतं,” पप्पा म्हणाले आणि आईला म्हणाले, “लता, चहा टाक. हिचं डोकं फिरलंय.”

चहा पिऊन मी लॅपटॉप उघडला. माझ्या डोक्यात एवढंच होतं की वेदिकाचा रजेचा अर्ज शोधायचा आणि एचआर मॅडमना सकाळीच पाठवायचा. निदान तिचा तरी जीव टांगणीवरून उतरावा. अर्ज ऑगस्टमधला. कट्ट्यावरच टाकलेला, हुकमाप्रमाणे. सापडला. ‘महोदय, मी डिसेंबर महिन्यापासून बाळंतपणाच्या पगारी रजेवर जात आहे. रजा संपताच कामावर रुजू होईन. कृपया मंजुरी द्यावी.’ मंजुरीचं पत्र कधी आलंच नव्हतं. पण अर्जाखाली एक छोटासा पिवळा अंगठा होता. त्यावर बोट ठेवलं. नाव आलं: राज.

मी कट्ट्याच्या शोधपट्टीत राज सरांचं नाव टाकलं आणि खाली खाली जात राहिले. केरूभाऊंनी हेडफोन मागितला होता, खाली सरांचा अंगठा. हेडफोन आला नाही. लहानूने रेंज वाढवायचं यंत्र मागितलं होतं, एकदा नाही दोनदा, दोन्हीखाली अंगठा. साक्षीने संध्याकाळची पाळी बदलून मागितली होती, अंगठा. मी सगळ्या टीमसाठी पगारवाढ मागितली होती, त्याखालीसुद्धा अंगठा! माणसाने वर्षभर आमच्या प्रत्येक मागणीवर अंगठा टाकला होता आणि एकही मागणी पुरी केली नव्हती.

मी हसले. चांगली मोठ्याने हसले. पप्पा म्हणाले, “काय झालं?” मी म्हटलं, “उद्या मोठ्याने वाचायचंय.”

दुसऱ्या दिवशी अकराला कॉल. मुंबईच्या एचआर मॅडम पांढऱ्या भिंतीसमोर बसलेल्या. कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल दिवा. राज सर इस्त्रीच्या शर्टात. लहानू सोडून टीम हजर, पण सगळ्यांचे चेहरे उतरलेले, कारण मी सकाळी एकेकाला फोन करून शेवटचा परिच्छेद सांगितला होता. वेदिका कांदाचाळीपाशी. डोळे सुजलेले.

राज सरांनी सुरुवात केली. बदल किती सहज झाला, टीमने तो कसा मनापासून स्वीकारला, एका दिवसात चौदापैकी बारा सहमती. “उरलेल्या दोन आज होतील. स्नेहा, दोन शब्द बोल.”

मी माइक चालू केला. मी म्हटलं, “सर, आधी एक विचारते. अंगठा म्हणजे सहमती, असंच ना?”

“ऑफ कोर्स.”

“नक्की ना सर? रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून विचारते.”

“स्नेहा, अंगठा म्हणजे येस. छोट्या मुलालाही कळतं. पुढे बोल.”

मी स्क्रीन सगळ्यांना दाखवली आणि वाचायला लागले. मोठ्याने, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत. आधी वेदिकाचा अर्ज. “खाली अंगठा, राज सरांचा. म्हणजे पगारी रजा ऑगस्टमध्येच मंजूर झालेली आहे. मॅडम, लिहून घ्या.” मग केरूभाऊंचा हेडफोन. “खाली अंगठा, राज सरांचा. मंजूर.” मग लहानूचं यंत्र. मंजूर. साक्षीची पाळी. मंजूर. मग पगारवाढ.

“अरे वा!” केरूभाऊंचा माइक नेमका चालू होता. “म्हणजे आपला हेडफोन मंजूर झालता अन् आपल्याला म्हाईतच नाय! लय भारी काम हाय हे.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. राज सरांचा चेहरा लाल झाला. “वन मिनिट, वन मिनिट. हे काय चाललंय? ते मी फक्त पाहिलं म्हणून टाकतो! दिवसाला शंभर मेसेज येतात. थम्ब्स अप टाकला म्हणजे अप्रूव्ह केलं असं थोडीच असतं!”

कॉलवर फक्त वेदिकाच्या शेळ्यांच्या घंटा ऐकू आल्या.

एचआर मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. “राज, मग त्या बारा अंगठ्यांचं काय?”

सर काही बोलायच्या आत स्क्रीनवर एक अंगठा तरंगत वर गेला. केरूभाऊंचा. मग साक्षीचा. मग एकामागून एक, सगळ्यांचे. राज सरांच्या चेहऱ्यावरून पिवळे अंगठे वर वर जात राहिले. पाहिलं, सर. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

कोणाला वाटेल, संपली गोष्ट. इतकं सोपं असतं तर मी इतकी चिडले नसते. एचआर मॅडम काही आमच्या मावशी नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या की अंगठे रद्द, आता प्रत्येकाने शनिवारपर्यंत कट्ट्यावर स्वतःच्या शब्दांत लिहावं, मान्य आहे की नाही. बहुमत बघून ठरवू. कॉल बंद.

त्याच दुपारी आमच्या चॅनलवरचा अंगठा गायब झाला. बटणच काढून टाकलं. माझ्या नावापुढचा ‘लीड’ हा शब्दही गायब. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. आणि राज सरांनी एकेकाला फोन करायला सुरुवात केली. धमकी नाही हं, छे! “जे लिहाल ते विचार करून लिहा, नाव कायम दिसत राहतं,” एवढंच.

झालं, सगळे गप्प. दुसरा दिवस गेला, शुक्रवार आला, कट्ट्यावर एक अक्षर नाही. मी लिहिलं, ‘मी वाचलं. मला मान्य नाही.’ त्याखाली लगेच सरांचं उत्तर, ‘स्नेहा, हे तुला लागू नाही.’ म्हणजे मत मोजायच्या वेळी मी पुन्हा लीड! मी केरूभाऊंना फोन केला. ते म्हणाले, “ताई, सगळ्यांनी लिव्हलं की मी लिव्हतोच.” साक्षी म्हणाली, आधी केरूभाऊंनी लिहावं, ते मोठे आहेत. वेदिका म्हणाली, “ताई, मी पहिली कशी लिहू? माझीच रजा हाय. लोक म्हणतील स्वतःसाठी भांडते.”

आता माझा राग राज सरांवर राहिलाच नाही. तो या माझ्या माणसांवर होता. न वाचता अंगठा टाकायला कोणी कोणाची वाट बघितली नव्हती. आणि दोन शब्दांचं ‘मान्य नाही’ लिहायचं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले! मी फोनवर वेदिकाला वाट्टेल ते बोलले. सातव्या महिन्यातल्या बाईला असं बोलू नये हे कळत होतं, तरी बोलले. ती रडली नाही. फक्त “बरं ताई” म्हणाली आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी मी कट्टा उघडून बसले होते. वेदिकाचा ठिपका हिरवा. केरूभाऊंचा हिरवा. राज सरांचाही हिरवा, पाळतीवर बसल्यासारखा. आणि मग ज्या नावापुढे सकाळी कधीच हिरवं दिसलं नव्हतं, तिथे हिरवं झालं. लहानू.

नेहमी संध्याकाळी चढायचा तो आज सकाळीच टेकडीवर गेला होता. मी त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं, पण तो म्हणाला होता, “ताई, मी आधी वाचतो मग सांगतो.” बराच वेळ काही झालं नाही. मग खाली अक्षरं आली: ‘लहानू लिहीत आहे’. ती गेली, पुन्हा आली. चौदा ठिकाणी चौदा माणसं त्या ओळीकडे बघत असणार. शेवटी मेसेज पडला.

‘मी सगळं वाचलं. दोन वेळा वाचलं. मला मान्य नाही. अंगठ्याचं बटण दिसत नाही म्हणून लिहिलं. लहानू.’

पुढचा मेसेज यायला वेळ लागला नाही. केरूभाऊ: ‘मी पण वाचलं. मान्य नाय.’ साक्षी: ‘वाचलं. मान्य नाही.’ मग एकेक करत सगळे, कोणी शुद्ध, कोणी अशुद्ध, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी. आणि सगळ्यात शेवटी वेदिका.

‘मी वाचलं. मला मान्य नाही. माझी बाळंतपणाची रजा पगारी आहे आणि रजा संपली की मी कामावर परत येणार आहे.’

ते शेवटचं अर्धं वाक्य तिने एकट्या राज सरांसाठी लिहिलं नव्हतं, हे मला कळलं. घरातही कोणीतरी ते वाचणार होतं.

राज सरांचा ठिपका हिरवाच होता. ‘राज लिहीत आहेत’ असं आलं, गेलं, परत आलं, परत गेलं. बटण त्यांनीच काढलं होतं. आता त्यांनाही अंगठा टाकून सुटायची सोय नव्हती. शेवटी एकच शब्द आला: ‘नोटेड.’

सोमवारी मुंबईहून मेल आला. मेल! आमच्या टीमसाठी पार्टनर योजना मागे घेतली आहे. सोबत वेदिकाच्या रजेच्या मंजुरीचं पत्र. माझ्या ‘लीड’बद्दल त्यात काही नव्हतं आणि अजूनही काही आलेलं नाही. टीमला अजून काही अडलं की ती मलाच फोन करते, फक्त पगारातली ती किंचित वाढ आता राज सरांच्या ‘चेंज’मध्ये गेली. याचा राग मला रोज सकाळी ताजा ताजा येतो.

पत्र पोचल्यावर वेदिकाचा फोन आला. मी शुक्रवारच्या बोलण्याबद्दल काही म्हणणार होते, पण तिने म्हणूच दिलं नाही. “ताई, नाना इथंच उभे आहेत. विचारतायत, पेढे आणायला जाऊ का म्हणून.”

“जाऊ दे की,” मी म्हटलं. “पण आधी पत्र मोठ्याने वाचून दाखव त्यांना. शेवटच्या ओळीपर्यंत. तोवर चप्पल घालू नका म्हणावं.”

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. नाना बसले असावेत. मग वेदिकाने फोन बाजूला ठेवला आणि वाचायला लागली.